अभिप्रायाचे मोल

कादंबरीकाराने आपल्या काळातील पुस्तकांवर आणि चित्रपटांवर केलेले लेखन वाङ्मयेतिहासात सहसा तळटीपेपुरते उरते. त्याच्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या निघत राहतात, त्यांचा अभ्यास होतो. परंतु साप्ताहिकाच्या स्तंभातून, ठरल्या मुदतीत, पोटासाठी म्हणून लिहिलेले अभिप्राय जुन्या अंकांबरोबर विस्मृतीत जातात. यात फारसे वावगे आहे असेही नाही. बहुतेक अभिप्राय ज्या कलाकृतीविषयी असतात तिच्याइतकेच अल्पायुषी असतात. तथापि काही लेखकांच्या बाबतीत हे अभिप्राय म्हणजे त्यांच्या निर्मितीचीच दुसरी बाजू असते. दुसऱ्याच्या कलाकृतीविषयी बोलताना ते स्वतःच्या लेखनाची कसोटी घडवीत असतात, आणि त्या बोलण्याची किंमतही त्यांनी प्रत्यक्ष मोजलेली असते. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन (१९०४–१९९१) हे अशा लेखकांपैकी एक होत.

‘स्वतंत्र लेखक’ या शब्दप्रयोगाला एक गौरवाचे वलय आहे. त्या स्वातंत्र्याखालची जमीन मात्र बहुधा आर्थिक अस्थैर्याची असते. ग्रीन १९२६ पासून लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकात उपसंपादक होते. १९२९ मध्ये ‘द मॅन विदिन’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, तिला अनपेक्षित यश मिळाले, आणि त्या यशाच्या भरवशावर त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरच्या ‘द नेम ऑफ अ‍ॅक्शन’ (१९३०) आणि ‘रूमर अ‍ॅट नाइटफॉल’ (१९३१) या दोन्ही कादंबऱ्या वाचकांनी नाकारल्या. पुढे खुद्द लेखकानेच त्यांचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही. संसार प्रकाशकांच्या उचलीवर चालला होता आणि उचल फिटण्याची चिन्हे नव्हती. ‘स्तांबूल ट्रेन’ (१९३२) या कादंबरीने आणि तिच्या चित्रपटहक्कांनी थोडा आधार दिला. पुस्तकपरीक्षणे हा या काळातील उपजीविकेचा एक भाग होता. १९३५ च्या मध्यास ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाच्या वाङ्मयविभागाच्या संपादकांशी एका मेजवानीत गप्पा करताना त्यांनी चित्रपटपरीक्षणाचे काम मागून घेतले. मार्च १९४० पर्यंत ते चालले, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी चारशेहून अधिक चित्रपटांविषयी लिहिले.

त्या काळी इंग्रजी साहित्यिकांच्या जगात चित्रपटाकडे एक करमणुकीचा धंदा म्हणूनच पाहिले जाई. नाटकाविषयी लिहिणे प्रतिष्ठेचे, चित्रपटाविषयी लिहिणे गरजेपोटीचे, अशी सर्वसाधारण समजूत होती. ग्रीन यांनी ही उतरंड मानली नाही. चित्रपट लोकप्रिय असतो ही त्यांच्या दृष्टीने उणीव नव्हती. एलिझाबेथच्या काळातील रंगभूमी रस्त्यावरच्या माणसाला आणि विद्वानाला एकाच वेळी धरून ठेवू शकत होती. चित्रपटाला ते पुन्हा साधता यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. १९३७ मध्ये त्यांनी चित्रपटाच्या विषय आणि कथा यांविषयी एक विस्तृत निबंध लिहिला. त्यात चेखॉव्हच्या एका विचाराचा आधार घेऊन त्यांनी आपली कसोटी मांडली आहे. श्रेष्ठ लेखक जीवन जसे आहे तसे दाखवतो, पण ते कसे असायला हवे याची जाणीव त्याच्या प्रत्येक ओळीत भिनलेली असते, असा तो विचार होय. या कसोटीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात वास्तवाचा आग्रह आहे आणि नैतिक दृष्टीचाही आहे. मात्र उपदेशाला तिच्यात जागा नाही.

ही कसोटी हाती घेऊन पाहिले म्हणजे त्यांच्या आवडीनिवडींमागील सूत्र स्पष्ट होते. फ्रिट्झ लँग यांचा ‘फ्युरी’ (१९३६) हा जमावाच्या हिंसेवरचा चित्रपट त्यांना थोर वाटला, आणि ‘थोर’ हे विशेषण ते सहजासहजी वापरीत नसत. बॅसिल राइट यांच्या ‘साँग ऑफ सिलोन’ (१९३४) या माहितीपटाची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. याउलट आल्फ्रेड हिचकॉक यांच्याविषयीचे त्यांचे मत अखेरपर्यंत प्रतिकूल राहिले. हिचकॉक यांच्यापाशी चमकदार प्रसंगांची मालिका आहे, पण त्या प्रसंगांना बांधून ठेवणारी वास्तवाची जाण अपुरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील काळाने हिचकॉक यांना चित्रपटकलेच्या अग्रस्थानी बसवले. त्या दृष्टीने पाहता ग्रीन यांचा अंदाज चुकला असे म्हणता येईल. परंतु येथे अंदाज महत्त्वाचा नाही. कथानकातील थरार हा पात्रांच्या जगण्यातून निघाला पाहिजे, तो वरून चिकटवता कामा नये, हा आग्रह ज्या वर्षी ते हिचकॉक यांच्यापुढे धरीत होते, त्याच १९३६ मध्ये त्यांची ‘अ गन फॉर सेल’ ही गुन्हेगारी कादंबरी प्रसिद्ध झाली. जो नियम ते दुसऱ्याला लावीत होते, त्याच्या कक्षेत त्यांचे स्वतःचे लेखनही होते.

त्यांच्या परीक्षणांतून एका नवख्या दिग्दर्शकाची पाठराखणही दिसते. कॅरल रीड यांचे ‘मिडशिपमन ईझी’ आणि ‘लॅबर्नम ग्रोव्ह’ हे आरंभीचे चित्रपट पाहून ग्रीन यांनी त्यांच्याविषयी मोठी आशा व्यक्त केली होती. सुमारे बारा वर्षांनी याच दोघांनी मिळून ‘द फॉलन आयडॉल’ (१९४८) आणि ‘द थर्ड मॅन’ (१९४९) हे चित्रपट केले. या दोन्ही चित्रपटांची निर्मिती अलेक्झांडर कोर्डा यांच्या संस्थेची होती, आणि हा योग अधिक बोलका आहे. कारण तिसाव्या दशकात ग्रीन यांनी ज्यांच्यावर सातत्याने टीका केली ते हेच कोर्डा. भपका, ऐतिहासिक वेशभूषांचा सोस आणि आतला पोकळपणा यांबद्दल त्यांनी कोर्डांना कधी सवलत दिली नव्हती. एवढे फटकारणारा माणूस आहे तरी कसा, या कुतूहलाने कोर्डांनी त्यांना बोलावून घेतले आणि एखादी कथा आहे काय, असे विचारले. ग्रीन यांनी तिथल्या तिथे लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरील एका प्रसंगाने सुरू होणारे कथानक रचून सांगितले. पुढे दोघांचा चांगला स्नेह जमला. येथे एक शंका घ्यावीशी वाटते. ज्याच्यावर टीका केली त्याचेच काम स्वीकारणाऱ्या समीक्षकाचे स्वातंत्र्य अबाधित राहते काय? तिचे उत्तर सोपे नाही. इतके मात्र खरे, की आधीची टीका कामाच्या आशेने लिहिलेली नव्हती, आणि काम मिळाल्यावर ती मागेही घेतली गेली नाही.

या साडेचार वर्षांचा कादंबरीकार ग्रीन यांना झालेला लाभ अभ्यासकांनी पुष्कळदा नोंदवला आहे. अंधारात बसून दर आठवड्याला दोन-तीन चित्रपट पाहणाऱ्या लेखकाचे वर्णन बदलले. ‘ब्रायटन रॉक’ (१९३८) च्या आरंभी सुट्टीच्या दिवसाची गर्दी आणि त्या गर्दीतून जीव वाचवीत फिरणारा एक माणूस येतो. तेथे लेखकाची नजर दूरवरून हळूहळू जवळ येते, एखाद्या क्षुल्लक वस्तूवर थांबते आणि पुन्हा पुढे सरकते. वर्णन स्थिर राहत नाही; ते पात्राबरोबर चालू लागते. ही दृष्टी चित्रपटाने दिली. त्या दृष्टीला पाप, दया आणि मुक्ती यांच्या प्रश्नांशी जोडण्याचे काम मात्र चित्रपटाने केले नाही. त्यासाठी पुस्तकांकडेच जावे लागते.

पुस्तकांविषयीच्या त्यांच्या मतांचा गाभा १९४५ मध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाक यांच्यावर लिहिलेल्या निबंधात सापडतो. हेन्री जेम्स यांच्या मृत्यूनंतर इंग्रजी कादंबरीतून धर्मभावना नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर माणसाच्या कृतीला असलेले महत्त्वही हरपले, अशी त्यांची धारणा होती. व्हर्जिनिया वुल्फ आणि ई. एम. फॉर्स्टर यांची पात्रे त्यांना जाडी हरवलेली, कागदी जगात वावरणारी वाटली. हे मत एकांगी आहे, हे सांगण्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही. वुल्फ यांच्या कादंबरीतील काळाचे आणि मनाचे सूक्ष्म भान या कसोटीच्या जाळीतून निसटून जाते. परंतु कादंबरीकाराच्या समीक्षेकडून समतोलाची अपेक्षा धरणे हेच मुळात चुकीचे आहे. ती बाजू घेते. आपल्या कादंबरीसाठी जागा मोकळी करून घेते. मराठीतही भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ची (साहित्य अकादेमी पुरस्कार, १९९०) धार त्यांच्या कादंबऱ्यांपासून वेगळी काढून तपासता येत नाही. मोरियाकवरील निबंध वाचताना, पाच वर्षांपूर्वी ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ लिहून झालेला लेखक बोलतो आहे, हे विसरता येत नाही.

बाजू घेणारा हा वाचक जेव्हा एका अनोळखी हस्तलिखितापुढे बसला, तेव्हा त्याचे वर्तन कसे होते, हे भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. म्हैसूरच्या एका तरुण लेखकाची कादंबरी लंडनच्या अनेक प्रकाशकांकडून परत आली होती. निराश होऊन त्याने ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या आपल्या मित्राला कळवले, की हस्तलिखिताला दगड बांधून ते थेम्स नदीत बुडवून टाक. पूर्णा नावाच्या त्या मित्राने ते बुडवले नाही; त्याने ते ग्रीन यांच्या हाती दिले. ग्रीन यांनी ते वाचले, त्यासाठी प्रकाशक शोधला, शीर्षक बदलण्याचे आणि लेखकाचे लांबलचक नाव आटोपशीर करण्याचे सुचवले. १९३५ मध्ये हॅमिश हॅमिल्टन या संस्थेने ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रकाशित केले आणि आर. के. नारायण हे नाव इंग्रजी वाचकांना ठाऊक झाले. १९३७ च्या ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ला ग्रीन यांनी प्रस्तावना लिहिली. पत्नीच्या अकाली मृत्यूच्या दुःखातून नारायण यांनी लिहिलेली ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) ज्या प्रकाशनसंस्थेने काढली, तिच्या संचालकांपैकी एक तेव्हा ग्रीन होते.

या संबंधाकडे आज काही प्रश्न विचारूनच पाहावे लागते. भारतीय लेखकाचे भवितव्य एका इंग्रज लेखकाच्या शब्दावर अवलंबून असावे आणि त्याचे नावही लंडनच्या सोयीने छाटले जावे, ही त्या काळच्या सत्तासंबंधांचीच एक खूण होती. मालगुडी या एका काल्पनिक गावातून ग्रीन यांना सबंध भारत समजल्यासारखे वाटे. नारायण यांनी स्वतः तसा दावा कधी केला नाही. तरीही या अभिप्रायातील शुद्धता नाकारता येत नाही. नारायण यांचे जग ग्रीन यांच्या जगाच्या अगदी उलट. तेथे खून नाहीत, पाठलाग नाहीत, शापित आत्मे नाहीत; आहेत त्या शाळकरी मुलांच्या काळज्या आणि मध्यमवर्गीयांची लहानसहान स्वप्ने. स्वतःसारखे लिहिणाऱ्याचे कौतुक कोणीही करतो. ग्रीन यांनी स्वतःपासून सर्वांत दूर असलेल्या लेखकाला जवळ केले. त्याच्या विनोदामागचे दुःख ओळखताना त्यांना पुन्हा चेखॉव्हच आठवला. चित्रपटांसाठी वापरलेली कसोटी येथे बदलली नाही. ती अधिक उदार झाली.

अभिप्रायाची किंमत मोजण्याचा प्रसंग याच वर्षांत आला. १ जुलै १९३७ रोजी लंडनहून ‘नाइट अँड डे’ नावाचे साप्ताहिक सुरू झाले. ‘न्यू यॉर्कर’च्या धर्तीवर काढलेल्या या साप्ताहिकाचे ग्रीन हे वाङ्मयविभागाचे संपादक आणि चित्रपटसमीक्षक होते, पुस्तकांवर ईव्हलिन वॉ, तर नाटकांवर एलिझाबेथ बोवेन लिहीत. २८ ऑक्टोबरच्या अंकात ग्रीन यांनी जॉन फोर्ड दिग्दर्शित ‘वी विली विंकी’ या चित्रपटाचे परीक्षण लिहिले. किपलिंगच्या कथेवर बेतलेला, ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर घडणारा हा चित्रपट. मूळ कथेतील लहान मुलाच्या जागी येथे मुलगी आणली होती आणि ती भूमिका शर्ली टेंपल या नऊ वर्षांच्या बालनटीची होती. तिच्या निरागसतेच्या आवरणाखाली चित्रपट वेगळेच काही विकतो आहे आणि प्रौढ पुरुषांच्या नजरेला ते पुरवले जात आहे, अशा आशयाचा आरोप ग्रीन यांनी उपहासाच्या भाषेत केला.

शर्ली आणि चित्रपटसंस्था यांच्या वतीने अब्रुनुकसानीचा दावा दाखल झाला. भांडवल अपुरे असल्याने साप्ताहिक डिसेंबर १९३७ मध्येच बंद पडले होते. मार्च १९३८ मध्ये लंडनच्या न्यायालयात प्रकरण मिटवण्यात आले. एकूण ३,५०० पौंडांची भरपाई ठरली. त्यांतील २,००० पौंड शर्लीला आणि उरलेले दोन चित्रपटसंस्थांना मिळायचे होते. ग्रीन यांच्या वाट्याला ५०० पौंड आले. कर्जात असलेल्या कादंबरीकाराला ही रक्कम लहान नव्हती. सरन्यायाधीशांनी त्या लेखनाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली, तेव्हा ग्रीन मेक्सिकोत होते. धार्मिक छळाचा वृत्तांत लिहिण्यासाठीची ती सफर आधीपासूनच योजलेली होती. तीतून ‘द लॉलेस रोड्स’ (१९३९) हे प्रवासवर्णन आणि ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) ही त्यांची श्रेष्ठ कादंबरी जन्माला आली.

या प्रकरणाचा निवाडा सहसा एका वाक्यात केला जातो: एक निर्भीड समीक्षक आणि एक सूडबुद्धीची कंपनी. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. ग्रीन यांचा रोख चित्रपटसंस्थेवर होता, बालकाच्या निरागसतेचा बाजार मांडणाऱ्या यंत्रणेवर होता. आणि तो रोख निराधार नव्हता. शर्ली टेंपल यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात चित्रपटव्यवसायातील प्रौढांच्या आक्षेपार्ह वर्तनाचे अनुभव नोंदवले आहेत. परंतु परीक्षणाची भाषा यंत्रणेपाशी थांबली नाही. जिचे शोषण होत आहे असे म्हणायचे, तिलाच त्या उपहासात ओढले गेले. अभिप्राय खरा असणे आणि तो न्याय्य असणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या पडतात. न्यायालयाने यांतील दुसरीच पाहिली. ग्रीन यांच्या चाहत्यांनी पहिलीच पाहिली. साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही एकत्र पाहायला हव्यात.

अठरा वर्षांनंतर या प्रसंगाला एक विलक्षण जोड मिळाली. १९५५ च्या अखेरीस ‘संडे टाइम्स’साठी वर्षातील तीन उत्तम पुस्तके निवडताना ग्रीन यांनी त्यांत व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या ‘लोलिता’चा समावेश केला. पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसने त्याच वर्षी काढलेली ही कादंबरी इंग्लंडमध्ये जवळजवळ कोणाला ठाऊकही नव्हती. अल्पवयीन मुलीच्या मागे लागलेल्या प्रौढ पुरुषाचे हे आत्मनिवेदन पाहून ‘संडे एक्स्प्रेस’मधून जॉन गॉर्डन यांनी पुस्तकावर आणि त्याची शिफारस करणाऱ्यावर जळजळीत टीका केली. ग्रीन यांनी प्रतिवाद केला नाही. १९५६ मध्ये त्यांनी ‘जॉन गॉर्डन सोसायटी’ नावाची एक उपहासात्मक संस्थाच काढली. वादामुळे पुस्तकाकडे लक्ष वेधले गेले, आणि १९५८ मध्ये अमेरिकेत व १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये ते रीतसर प्रकाशित झाले.

१९३७ मध्ये एका चित्रपटावर जो आरोप केला, तोच १९५५ मध्ये ‘लोलिता’वर का केला नाही? वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु त्या चित्रपटात वासना गोडव्याच्या आवरणाखाली लपवलेली होती. प्रेक्षकाला आपण काय पाहतो आहोत हे स्वतःपासून लपवण्याची सोय होती. कादंबरीत ती सोय नाही. तेथे निवेदकाची ओघवती भाषा हेच त्याच्या अपराधाचे साधन आहे, आणि सावध वाचकाला ते कळत जाते. एक कलाकृती पापावर पांघरूण घालते, दुसरी ते पांघरूण उचलते. हा फरक ओळखणारी दृष्टी दोन्ही वेळी एकच होती. फरक पडला तो बोलण्याच्या पद्धतीत: पहिल्या वेळी उपहासाचा घाव एका लहान मुलीवर पडला, दुसऱ्या वेळी तो एका बलवान पत्रकारावर.

समीक्षकाची खुर्ची सोडून लेखक म्हणून दुसऱ्या बाजूला बसण्याचे प्रसंगही ग्रीन यांच्यावर आले. ‘द थर्ड मॅन’चा शेवट काहीसा सुखद असावा, असे त्यांचे मत होते; रीड यांनी नायिकेला नायकाकडे न पाहता निघून जाऊ दिले. पुस्तकाच्या प्रस्तावनेत ग्रीन यांनी रीडच बरोबर ठरले हे मोकळेपणाने लिहिले. पण १९५८ मध्ये ‘द क्वाएट अमेरिकन’चा चित्रपट करताना दिग्दर्शकाने कादंबरीचा राजकीय रोखच फिरवला, तेव्हा त्यांनी तितक्याच उघडपणे संताप व्यक्त केला. एका ठिकाणी बदलाने कलाकृती अधिक खरी झाली होती, दुसऱ्या ठिकाणी खोटी. नारायण यांच्या वाट्यालाही असाच अनुभव आला. १९६० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळवणाऱ्या ‘द गाइड’वर १९६५ मध्ये निघालेला हिंदी चित्रपट अफाट गाजला, मात्र मालगुडी सोडून राजस्थानात गेलेल्या आपल्या कथेविषयीची नाराजी नारायण यांनी ‘मिसगाइडेड गाइड’ या निबंधात मिस्किलपणे मांडली. प्रेक्षकांचे प्रेम आणि लेखकाची नाराजी या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या राहिल्या.

समकालीन कलाकृतींवरील कादंबरीकाराचे मत अंतिम निर्णय म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. हिचकॉक आणि वुल्फ यांच्याविषयी ग्रीन यांनी जे लिहिले ते आज फारसे कोणी मान्य करणार नाही. नारायण आणि नाबोकोव्ह यांच्याविषयी त्यांनी जे ओळखले ते आता सर्वमान्य झाले आहे. या जमाखर्चाने त्यांच्या अभिप्रायांचे मोल ठरत नाही. ते अभिप्राय मोबदला घेऊन लिहिले होते, पण मोबदला देणाऱ्याच्या सोयीने लिहिलेले नव्हते. त्यांची कसोटी लेखकाच्या स्वतःच्या कादंबऱ्यांनाही लागू होती. आणि बोललेल्या शब्दाचा भार, तो कधी चुकीच्या जागी पडला तरी, लेखकाच्या नावावर राहिला. ग्रंथालयातील त्यांच्या कादंबऱ्यांशेजारी ही परीक्षणेही ठेवली जावीत. ‘ब्रायटन रॉक’ लिहिणारा हात त्याच आठवड्यात आणखी काय लिहीत होता, हे समजल्याशिवाय त्या कादंबरीचे वाचन पुरे होत नाही.